बेक्ड क्वेरीत पॅरामीटर नक्की कसा द्यायचा? एकाच ग्राहकाचा डेटा सगळ्यांना दिसतोय

अर्धविराम:

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय, पोस्ट जरा लांब होईल, सांभाळून घ्या. पायथनचा प्रोजेक्ट आहे, एसक्यूएलअल्केमी १.३ (पायथनमधून डेटाबेसच्या क्वेरी बनवणारी लायब्ररी), डेटाबेस पोस्टग्रेस, दोघांना जोडणारा ड्रायव्हर सायकोपीजी २. कोड मूळ माझा नाही, आधीच्या टीमकडून गळ्यात पडलाय. त्यात बिलांची यादी दाखवणारं एक पान आहे, ग्राहकाने लॉगिन केलं की त्याला त्याची बिलं दिसतात, साधं काम. ते पान स्लो होतं म्हणून प्रोफायलर लावला तर डेटाबेसला फार वेळ लागतच नव्हता, क्वेरीचा ऑब्जेक्ट बांधायचा आणि त्याचं एसक्यूएल तयार करायचं यातच पायथनचा वेळ जात होता (सहा जॉइन आहेत आणि वर ईगर लोडिंग, म्हणजे संबंधित डेटा आधीच ओढून आणणं, विचारू नका). मग डॉक्युमेंटेशनमध्ये बेक्ड क्वेरी हा प्रकार सापडला, म्हणजे एकदा तयार झालेलं एसक्यूएल कॅशमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच वापरायचं. लावलं. पान खरंच पळायला लागलं, मी खूश.

काल टेस्टिंगवाल्या ताईंनी दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळे लॉगिन उघडले आणि दुसऱ्या ग्राहकाला पहिल्याची बिलं! अजून लाइव्ह गेलं नव्हतं म्हणून वाचलो. रिफ्रेश करत राहिलं की कधी बरोबर दिसतं, कधी भलत्याचंच, कधी तिसऱ्याचंच. सर्व्हर रीस्टार्ट केला की थोडा वेळ सगळं गोड, मग परत तेच. आणि माझ्या मशीनवर तर होतच नाही.

मोबाईलवरून लिहितोय म्हणून कोड तोंडी सांगतो. फंक्शनला ग्राहक_आयडी येतो. आत बेकरीला (बेक्ड क्वेरी बनवून कॅशमध्ये ठेवणारा ऑब्जेक्ट) एक लॅम्ब्डा, म्हणजे छोटं बिननावाचं फंक्शन, दिलाय जो सेशन (डेटाबेसशी चालू असलेला संवाद) घेऊन बिल टेबलची क्वेरी परत देतो, मग += करून दुसरा लॅम्ब्डा, त्यात फिल्टर आहे, बिल.ग्राहक_आयडी == ग्राहक_आयडी, आणि शेवटी सेशन देऊन ऑल. बास एवढंच.

मला न कळलेली गोष्ट म्हणजे एको (चाललेलं एसक्यूएल लॉगमध्ये दाखवणारं सेटिंग) चालू करून बघितलं तर एसक्यूएलमध्ये आयडी डायरेक्ट चिकटवलेला नाहीये, व्यवस्थित प्लेसहोल्डर, म्हणजे व्हॅल्यूची कोरी जागा, दिसतोय. म्हणजे पॅरामीटर बाइंड होतोय, व्हॅल्यू वेगळी जातेय ना? मग जुनी व्हॅल्यू येते कुठून? सेशन लीक होतंय का थ्रेडचा लोचा आहे? अजून एक, या पानावर स्टेटस, तारीख, विक्री प्रतिनिधी असे फिल्टर आहेत जे कधी असतात कधी नसतात, ते बेक्ड क्वेरीत कसे बसवायचे तेही सांगा. आणि आमचे सीनियर म्हणतात की पुढे रिझल्टपण रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) टाकू, त्याने हा प्रॉब्लेम वाढेल का जाईल?


रात्रपाळी:

सेशन पण नाही आणि थ्रेड पण नाही. तुमचा दुसरा लॅम्ब्डा फक्त एकदाच चालतो, पहिल्या वेळी. बेक्ड क्वेरीचा मुद्दाच तो आहे की लॅम्ब्डा परत परत चालवायचे नाहीत, त्यातच तर वेळ वाचतो. कॅशची की (नोंद शोधायची खूण) म्हणजे काय तर लॅम्ब्डाचा कोड ऑब्जेक्ट, आत वापरलेल्या व्हेरिएबलची व्हॅल्यू त्या कीमध्ये कुठेच नाही. दुसऱ्या ग्राहकाची रिक्वेस्ट आली की बेकरी बघते, अरे हा कोड तर ओळखीचा आहे, आणि आधीची तयार क्वेरी उचलून देते, आतल्या आयडीसकट.

प्लेसहोल्डर दिसला म्हणून तुम्ही फसलात. प्लेसहोल्डर आहेच, कारण पायथनमध्ये == लिहिलं की एसक्यूएलअल्केमी स्वतःच एक निनावी बाइंड पॅरामीटर बनवते आणि व्हॅल्यू त्याच्या पोटात ठेवते. एकोच्या लॉगमध्ये एसक्यूएलच्या खाली आणखी एक ओळ येते पॅरामीटरची, ती बघा. तिथे दर वेळी तोच आयडी दिसेल, पैज लावतो.

बँकेतला छापील फॉर्म असतो ना, नावाची जागा कोरी सोडलेली. त्या कोऱ्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून ठेवल्या तर कोणीही येऊन आपलं नाव लिहील. तुम्ही पहिल्या माणसाने भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढलीय.

उपाय सोपा आहे. लॅम्ब्डाच्या आत ग्राहक_आयडी हे व्हेरिएबल वापरायचंच नाही, तिथे बाइंडपॅरॅम ठेवायचा नाव देऊन, म्हणजे बिल.ग्राहक_आयडी == बाइंडपॅरॅम('आयडी'). आणि शेवटी सेशन दिल्यावर, ऑलच्या आधी, पॅरॅम्स(आयडी=ग्राहक_आयडी). पॅरॅम्स दर वेळी चालतं, लॅम्ब्डा नाही.

रिफ्रेश केल्यावर वेगवेगळं का दिसतं तर तुमच्याकडे तीन-चार वर्कर प्रोसेस (सर्व्हरच्या वेगवेगळ्या चालू प्रती) असणार, प्रत्येकाची बेकरी वेगळी, ज्या वर्करकडे ज्याची रिक्वेस्ट पहिली गेली तो ग्राहक त्या वर्करमध्ये जाऊन बसला. तुमच्या मशीनवर एकच प्रोसेस आणि एकच लॉगिन, कसं दिसणार.


सुटसुटीत:

एवढं बेकरी बिकरी कशाला, मी तर सरळ एफ-स्ट्रिंगमध्ये (पायथनचा मजकूर ज्यात व्हॅल्यू थेट भरता येते) आयडी घालून एसक्यूएल पाठवतो. स्ट्रिंग बांधायला वेळ किती लागतो, शून्य. आयडी काय इंटिजरच आहे, इंजेक्शन, म्हणजे कोणी व्हॅल्यूतून भलतं एसक्यूएल घुसवणं, कुठून होणार.


जुनाखांब:

@सुटसुटीत साहेब, आज इंटिजर आहे. उद्या कोणीतरी त्याच फंक्शनला बिल नंबर देणार जो स्ट्रिंग आहे, आणि तो माणूस तुमची ही पोस्ट वाचून आलेला नसेल. पण इंजेक्शन बाजूला ठेवू, कारण धाग्याचा विषय कॅश आहे. व्हॅल्यू मजकुरात घातली की प्रत्येक ग्राहकाची क्वेरी डेटाबेसच्या दृष्टीने नवी क्वेरी. ओरॅकलवर ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे, शेअर्ड पूलमध्ये (आधीच्या क्वेरींचा साठा) मजकूर जुळला तर सॉफ्ट पार्स, नाही जुळला तर हार्ड पार्स म्हणजे सगळं काम पहिल्यापासून, आणि लिटरल (थेट मजकुरातल्या व्हॅल्यू) घालून लिहिलेल्या ॲप्लिकेशनने हार्ड पार्स करकरून सगळा सर्व्हर दमवलेला मी एकदा नाही तीनदा बघितलाय. लोक इतकं करायला लागले की ओरॅकलला कर्सर_शेअरिंग हे सेटिंग द्यावं लागलं, फोर्स केलं की तो स्वतःच लिटरल काढून तिथे बाइंड घालतो. ती मलमपट्टी आहे, कोड नीट लिहायला पर्याय नाही.

मायएसक्यूएलमध्ये पूर्वी क्वेरी कॅश होता तो तर अक्षरन्अक्षर मजकूर जुळवायचा, एक स्पेस जास्त पडली किंवा सिलेक्ट एकदा कॅपिटलमध्ये एकदा स्मॉलमध्ये लिहिलं तरी वेगळी क्वेरी. वर टेबलमध्ये काहीही बदललं की त्या टेबलच्या सगळ्या नोंदी बाद. ८.० मध्ये तो काढूनच टाकला, आणि कोणी फार रडलं नाही.

अर्धविराम, तुझ्या प्रश्नात तीन वेगळे कॅश एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घे नाहीतर रेडिस आणल्यावर परत इथेच येशील.

पहिला कॅश तुझ्या पायथनमध्ये, पायथनच्या क्वेरी ऑब्जेक्टपासून एसक्यूएलचा मजकूर बनवण्याचं काम वाचवणारा. बेक्ड क्वेरी म्हणजे हा. दुसरा डेटाबेसमध्ये, मजकुरापासून प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) बनवण्याचं काम वाचवणारा, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (सर्व्हरवर आधीच तयार ठेवलेली क्वेरी) वगैरे. आणि तिसरा रिझल्टचा, क्वेरी चालवायचंच काम वाचवणारा, तुमचे सीनियर म्हणतायत तो. पहिल्या दोघांत व्हॅल्यू कीच्या बाहेर हवी, तरच एक नोंद सगळ्यांना पुरते. तिसऱ्यात बरोबर उलटं, व्हॅल्यू कीच्या आत हवीच हवी, नाहीतर एकाचं ताट दुसऱ्याच्या पुढे. तू जो बग केलास त्यात पहिल्या प्रकारच्या कॅशमध्ये व्हॅल्यू आत राहिली. रेडिसमध्ये लोक नेमका उलटा बग करतात, फक्त एसक्यूएलच्या मजकुराचा हॅश (मजकुरापासून काढलेला ठरावीक आकडा) काढून की बनवतात आणि पॅरामीटर विसरतात. लक्षण दोन्हीकडे सेम टू सेम दिसतं, दुसऱ्याचा डेटा. म्हणून लक्षणावरून शोधत बसू नकोस, कोणत्या कॅशमधून आलं ते आधी बघ.

तुझ्या बाबतीत दुसरा कॅश नाहीच आहे तसा, कारण सायकोपीजी २ सर्व्हरवर काही प्रिपेअर करत नाही. तो व्हॅल्यू व्यवस्थित कोट करून क्लायंटच्या बाजूलाच मजकुरात भरतो आणि तयार एसक्यूएल पाठवतो. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये बघितलंस तर खरा आयडी मजकुरातच दिसेल, दचकू नकोस. सायकोपीजी ३ वर गेलास तर तिथे एकच क्वेरी पाचपेक्षा जास्त वेळा आली की तो आपोआप प्रिपेअर करतो, ते मग वेगळं प्रकरण.


अर्धविराम:

@रात्रपाळी पैज जिंकलात! एकोची खालची ओळ मी बघतच नव्हतो, वर एवढं लांबलचक एसक्यूएल येतं की खाली स्क्रोल करायचा कंटाळा. तिथे एका वर्करच्या सगळ्या रिक्वेस्टला आयडी ४१७. आणि वर्कर चारच आहेत. बाइंडपॅरॅम लावला, दोन्ही लॉगिन बरोबर दिसतायत, ताईंनी पण ओके दिलं.

@जुनाखांब दादा एवढं लिहिलंत, मनापासून थँक्यू, कीच्या आत आणि बाहेरचा मुद्दा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.

पण आता एक नवीन निघालं. विक्री प्रतिनिधीचा फिल्टर पण मी तसाच बाइंडपॅरॅमने केला. प्रतिनिधी निवडला की बरोबर चालतं, पण "प्रतिनिधी नेमलेला नाही" हा पर्याय निवडला की व्हॅल्यू नन (पायथनचं 'काहीच नाही') जाते आणि एकही बिल येत नाही. डेटाबेसमध्ये अशी शेकडो बिलं आहेत, हाताने क्वेरी मारून बघितली. बेक्ड लावायच्या आधी हाच फिल्टर ननला बरोबर चालायचा हो! एरर पण नाही काही, नुसती रिकामी यादी. हे काय आता?


रात्रपाळी:

हा क्लासिक आहे. आधी तुम्ही == च्या उजवीकडे खरा नन देत होता, एसक्यूएलअल्केमीला तो दिसायचा, म्हणून ती "इज नल" असं एसक्यूएल लिहायची. आता उजवीकडे बाइंडपॅरॅम आहे, मजकूर बनवताना आत काय येणार हे तिला ठाऊक नाही, म्हणून साधं बरोबरचं चिन्ह लिहिलं. मागून नल आला, आणि एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल हे खरं नसतं, खोटंही नसतं, अज्ञात असतं, आणि व्हेअरमधून अज्ञात गळून जातं. डेटाबेसच्या हिशोबाने चूक काहीच नाही म्हणून एरर नाही.

सगळ्यात सरळ म्हणजे पायथनमध्ये इफ लावा. नन असेल तर एक लॅम्ब्डा ज्यात इज नल आहे, नाहीतर दुसरा लॅम्ब्डा ज्यात बाइंडपॅरॅम आहे. दोन लॅम्ब्डा म्हणजे दोन कोड ऑब्जेक्ट, म्हणजे दोन वेगळ्या की, म्हणजे कॅशमध्ये दोन वेगळ्या क्वेरी, सगळं आपसूक होतं. पोस्टग्रेसमध्ये "इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम" पण आहे जे नलला नलशी जुळवतं, एका क्वेरीत काम होतं, पण माझा अनुभव असा की इंडेक्स वापरायला तो कुरकुर करतो, म्हणून मोठ्या टेबलावर मी इफच लावतो.

तुमचे कधी असणारे कधी नसणारे फिल्टर पण असेच. स्टेटस आला असेल तरच += करून स्टेटसचा लॅम्ब्डा जोडा. की साखळीसारखी वाढत जाते, त्यामुळे प्रत्येक कॉम्बिनेशनची वेगळी नोंद होते. फक्त एक काळजी, += हे त्याच ऑब्जेक्टला बदलतं आणि नुसतं + नवी कॉपी देतं. मूळ बेक्ड क्वेरी कोणी क्लासमध्ये एकदाच बनवून ठेवली असेल आणि प्रत्येक रिक्वेस्टला तिच्यावर += करत असेल तर फिल्टरवर फिल्टर चढत जातात, की लांब होत जाते, पहिल्याच्या स्टेटसची अट दुसऱ्याच्या यादीला लागते आणि परत तुम्ही इथे. फंक्शनच्या आत बनवत असाल तर काही भीती नाही.


पाचवा_मजला:

आयएन लिस्टबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण स्टेटसच्या जागी उद्या "स्टेटस यापैकी कोणताही" असं येणारच, सगळीकडे येतं. साधा इन_ लॅम्ब्डाच्या आत लिस्टसकट लिहिला तर वरचाच बग, पहिली लिस्ट चिकटणार. आणि तीन व्हॅल्यूची लिस्ट म्हणजे मजकुरात तीन प्लेसहोल्डर, चारची म्हणजे चार, म्हणजे मजकूरच वेगळा, त्यामुळे एक बाइंडपॅरॅम ठेवून भागत नाही. १.३ मध्ये बाइंडपॅरॅमला एक्सपांडिंग=ट्रू द्यायचं, मग कॅशमध्ये एकच नोंद राहते आणि ऐन चालवताना लिस्ट जेवढी असेल तेवढे प्लेसहोल्डर तिथे पसरतात. रिकामी लिस्ट दिली तरी तो सांभाळून घेतो, तुटक्या कंसाचं एसक्यूएल जात नाही.

जावावाल्यांकडे हाच त्रास हायबरनेटमध्ये (त्यांची अशीच लायब्ररी), तिथे प्रत्येक लांबीच्या लिस्टला प्लॅन कॅशमध्ये वेगळी नोंद पडून मेमरी फुगते, म्हणून त्यांनी पॅडिंगचं सेटिंग दिलं, लिस्ट पाचची असेल तर शेवटची व्हॅल्यू परत परत टाकून आठ करायची, दोनच्या घातात. ऐकायला गावठी वाटतं पण भारी चालतं. पोस्टग्रेसवर मी स्वतः आयएन सोडून "= एनी" आणि अख्खा ॲरे एका पॅरामीटरमध्ये देतो, लिस्ट कितीही लांब असो मजकूर तोच.

आणि एक, ऑर्डर बायमध्ये कॉलमचं नाव बाइंड करू नका. बाइंड फक्त व्हॅल्यूचं होतं, टेबलच्या किंवा कॉलमच्या नावाचं नाही. डेटाबेसला ती एक स्ट्रिंग वाटते, सगळ्या ओळींना तीच स्ट्रिंग, मग सॉर्ट कशावर करणार बिचारा. एरर बहुतेक वेळा येत नाही म्हणून लोक तासन्तास शोधत बसतात. परवानगी असलेल्या कॉलमची एक डिक्शनरी ठेवा, त्यातून उचला, आणि प्रत्येकाला वेगळी की पडू द्या, कॉलम असून असून किती असतील.


सुटसुटीत:

बरं मान्य, एफ-स्ट्रिंगचं मागे घेतो. पण मग एक सांगा, बाइंड एवढं चांगलं असेल तर आमच्याकडे एक रिपोर्ट बाइंड लावल्यावर स्लो का झाला होता? जावा होतं, पोस्टग्रेस, पहिल्या काही वेळा झकास चालायचा आणि मग अचानक आडवा पडायचा. कनेक्शन नवीन घेतलं की परत झकास. शेवटी लिटरल घातलं आणि सुटलो. तेव्हापासून माझा बाइंडवरचा विश्वासच उडाला.


जुनाखांब:

आता कळलं तुमचं दुखणं कुठे आहे, आधी सांगायचं ना.

हा दुसरा कॅश, प्लॅनचा. जेडीबीसीचा, म्हणजे जावाचा, पोस्टग्रेस ड्रायव्हर डिफॉल्टने एकच प्रिपेअर्ड स्टेटमेंट पाचव्यांदा चालवलं की सर्व्हरवर नावानिशी प्रिपेअर करायला लागतो. मग सर्व्हरवर पोस्टग्रेस स्वतः पहिले पाच वेळा खरी व्हॅल्यू बघून प्लॅन काढतो. त्यानंतर तो एक सरधोपट प्लॅन काढतो, व्हॅल्यू न बघता, आणि आधीच्या पाचांच्या सरासरी खर्चाशी तुलना करतो. सरधोपट प्लॅन फारसा महाग दिसला नाही की पुढे तोच. आता तुमच्या टेबलमध्ये एकाच ग्राहकाच्या अर्ध्या ओळी असतील आणि बाकीच्यांच्या मूठभर, तर सगळ्यांना मिळून एक प्लॅन म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा. कोणाला घट्ट होणार, कोणाला ढगळ. प्लॅन त्या कनेक्शनपुरता असतो, म्हणून नवीन कनेक्शनवर परत झकास वाटायचं.

लिटरल घालून तुम्ही सुटलात कारण दर वेळी नवा प्लॅन निघायला लागला. पण तेच काम पोस्टग्रेस १२ पासून प्लॅन_कॅश_मोड या सेटिंगने होतं, फोर्स_कस्टम_प्लॅन करा, तेही फक्त त्या रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरतं, बाकी ॲप्लिकेशनला हात लावायचा नाही. बाइंड तसंच राहतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचा भाऊ आहे, पॅरामीटर स्निफिंग, तिथे पहिल्या व्हॅल्यूसाठी काढलेला प्लॅन सगळ्यांना लागतो, आणि उतारा म्हणजे त्या एका क्वेरीला ऑप्शन रीकंपाइल. ओरॅकलने ९आय मध्ये बाइंड पीकिंग आणलं, त्यातूनही हेच व्हायला लागलं, मग ११जी मध्ये ॲडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग आणून एकाच क्वेरीचे दोन-चार प्लॅन ठेवायची सोय केली. सगळ्यांनी ठेच खाल्लीय, तुम्ही एकटे नाही.

यातल्या कशानेही चुकीचा डेटा येत नाही हे मात्र लक्षात घ्या. प्लॅन वाईट लागला तर उशीर होईल, उत्तर बरोबरच येईल. भलत्याचा डेटा दिसला की प्लॅनकडे बघूच नका.


अर्धविराम:

हे वाचून आमच्या सीनियरना दाखवलं, ते म्हणाले रेडिसची की आम्ही काळजीपूर्वक बनवू आणि मग त्यांनी स्वतः जी की बनवली ती अशी: एसक्यूएल आणि पॅरामीटर स्ट्रिंग करून जोडायचे आणि पायथनचं हॅश फंक्शन. पॅरामीटर आत आहेत म्हणजे बरोबर ना? पण टेस्ट करताना हिट रेट (कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण) फारच कमी येतोय, चारातला एखादा हिट, बाकी मिस.


रात्रपाळी:

चारातला एखादा, आणि वर्कर चार. काय म्हणता :)

पायथनमध्ये स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक प्रोसेसला वेगळा येतो, ३.३ पासून डिफॉल्टच आहे तसं, मुद्दाम, कोणी ठरवून टक्कर होणाऱ्या (वेगळ्या पण हॅश तोच) की पाठवून सर्व्हर लोळवू नये म्हणून. एका वर्करने लिहिलेली की दुसऱ्याला सापडणारच नाही. आणि तो हॅश अशा कामासाठी नाहीच, टक्कर झाली तर भलत्याचं बिल. हॅशलिबमधला शा-२५६ घ्या.

जोडताना पण नुसतं चिकटवू नका. १२ आणि ३ चिकटवले की १२३, १ आणि २३ चिकटवले तरी १२३. जेसनमध्ये टाका, नावं सॉर्ट करून, म्हणजे टाइपपण टिकतो, आकडा १ आणि स्ट्रिंग १ वेगळे राहतात. आणि पॅरामीटरमध्ये कोणी "आत्ताची वेळ" देत असेल तर बघा, मायक्रोसेकंदासकट गेली की जन्मात हिट येणार नाही, तारखेपुरती कापा. ग्राहक_आयडी मात्र कीच्या अगदी सुरुवातीला उघडा ठेवा, हॅशच्या बाहेर, म्हणजे त्या ग्राहकाचं नवीन बिल आलं की त्याच्याच की शोधून पुसता येतील आणि रात्री दोन वाजता रेडिसमध्ये डोकावल्यावर कोणाचं काय आहे ते डोळ्याला कळेल.

खरं विचाराल तर रेडिस लावायच्या आधी एसक्यूएलअल्केमी १.४ वर जाऊन बघा. तिथे बेक्ड क्वेरीची गरजच उरत नाही, साधी क्वेरी लिहायची, आतल्या व्हॅल्यू एसक्यूएलअल्केमी स्वतः बाजूला काढते आणि राहिलेल्या सांगाड्यावरून की बनवते. क्वेरी ऑब्जेक्ट दर वेळी बांधला जातो पण एसक्यूएल बनवायचा भाग वाचतो, आणि जास्त वेळ तिथेच जातो. कॅशचा आकार डिफॉल्ट ५००. नन दिला की इज नल पण आपोआप, कारण त्याचा सांगाडाच वेगळा. एकोमध्ये प्रत्येक क्वेरीपुढे "जनरेटेड इन" किंवा "कॅश्ड सिन्स" असं लिहून येतं. "नो की" दिसलं तर ती क्वेरी कॅश होत नाहीये, बहुतेक कोणीतरी स्वतःचा टाइप बनवलाय आणि त्यात कॅश_ओके लिहायचं राहिलंय. पण डोळे झाकून ट्रू लिहू नका, टाइपच्या आत बदलणारी डिक्शनरी बिक्शनरी असेल तर परत पहिल्या पानावर.


डॉलर_साइन:

तुमचं सगळं वाचून मजा आली, कारण आमच्या पीएचपीत याच्या उलटं झालेलं. तुमच्याकडे सगळ्यांना पहिला दिसत होता, आमच्याकडे सगळ्यांना शेवटचा. पीडीओ (पीएचपीची डेटाबेस लायब्ररी), एक स्टेटमेंट एकदाच प्रिपेअर केलं, मग फिल्टरच्या ॲरेवर फॉरईच फिरवून बाइंडपॅरॅमने एकेक व्हॅल्यू बांधली आणि लूप संपल्यावर एक्झिक्यूट. तिन्ही प्लेसहोल्डरना शेवटचीच व्हॅल्यू. मी तर पीएचपीचा बग सापडला म्हणून नाचायच्या बेतात होतो.


रात्रपाळी:

पीडीओचा बाइंडपॅरॅम व्हॅल्यू बांधत नाही, व्हेरिएबल बांधतो, रेफरन्सने. वाचतो एक्झिक्यूटच्या वेळी. लूपमध्ये व्हेरिएबल एकच, शेवटी त्यात जे उरलं ते सगळ्यांना. बाइंडव्हॅल्यू वापरा, तो त्या क्षणीची व्हॅल्यू उचलतो.


अर्धविराम:

१.४ वर गेलो, चार दिवस लागले, जुन्या क्वेऱ्यांनी वॉर्निंगचा पाऊस पाडला. बेकरी सगळी उचकटून टाकली. पान बेक्डपेक्षा किंचित हळू आहे पण आधीपेक्षा खूपच बरं, रेडिस सध्या बाजूला ठेवलंय, सीनियरच म्हणाले.

एक टेस्ट पण लिहिली. एकाच प्रोसेसमध्ये आधी पहिल्या ग्राहकाची यादी मागायची, मग दुसऱ्याची, मग परत पहिल्याची, मग प्रतिनिधी नसलेली, आणि प्रत्येक वेळी सगळ्या ओळींचा ग्राहक_आयडी तपासायचा. जुन्या ब्रांचवर चालवून बघितली, दुसऱ्याच ओळीला लाल. आधीच्या टेस्ट सगळ्या एका ग्राहकावर होत्या म्हणून वर्षभर हिरव्या दिसल्या असत्या.

@डॉलर_साइन तुमचा किस्सा वाचून आमच्या जुन्या पीएचपी मॉड्यूलमध्ये सर्च मारला. बाइंडपॅरॅम, फॉरईचच्या आत, दोन ठिकाणी. चला.